यमुनामावशींची नादारी

यमुनामावशी पैसे भरायला आल्या की आमच्या बँकेच्या नाशिकमधल्या अंबड शाखेत रोख खिडकीपुढची रांग अडून राहायची. नोटा मोजायला वेळ लागत नसे, वेळ लागायचा नावांना. नोटांची पातळशी गड्डी आत सरकवून त्या म्हणायच्या, "भाऊ, लिहा. भिमाबाई गावित, पन्नास. सखूबाई चौधरी, तीस. ताराबाई भोये, चाळीस..." असं अकरा बायकांपर्यंत. भरणा पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते लिहून घ्यायचो. मग ती यादी मी मोठ्यानं वाचून दाखवायची. गडबडीत एखादं नाव गळलं तर पुन्हा पहिल्यापासून. मागे उभा असलेला एखाद्या कारखान्याचा हिशेबनीस कुरकुरला तर त्या मान वळवून शांतपणे सांगायच्या, "नुसता आकडा काय कामाचा? नावं घेतली म्हंजे आपण कुणाचे हाय ते पैशालाबी कळतं."

त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. सहीपुरतं नाव गिरवायच्या, तेही पेन मुठीत धरून.

मावशी मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याजवळच्या. उंच, काटक बाई. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण होती. नवरा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. तो आजारपणात गेला तेव्हा कारखान्यानं त्यांना कामगारांचं कँटीन चालवायला दिलं. मूलबाळ नव्हतं. हाताखालच्या अकरा बायका हरसूलकडच्या. भात कापून झाला की नवऱ्यांबरोबर नाशकात बांधकामावर यायच्या, त्यातल्या या मावशींकडे टिकल्या. त्यांना आपापली खाती काढायची होती. पण त्यांच्याकडे ना इथलं रेशनकार्ड, ना ओळख देणारा खातेदार. दोघींचे अर्ज तर मीच परत केले होते. तेव्हा मावशींनी स्वतःच्या नावावर एक वेगळं बचत खातं उघडलं आणि त्यात फक्त या बायकांचे पैसे ठेवायचे असं ठरवलं. कँटीनचा व्यवहार दुसऱ्या खात्यात. या खात्यातला एक रुपयाही त्यांनी कधी घरी नेलेला मी पाहिला नाही.

एकदा दुपारी त्यांच्या कँटीनमध्ये जेवायला गेलो होतो. गॅसची टाकी संपल्यानं पाऊण तास उशीर झाला होता आणि कामगार ताटं वाजवत होते. सखूबाई बिचारी टाकीचं सांगायला लागली तर मावशींनी तिला मागं ओढलं. "भुकेल्या मानसाला कारण सांगू नाय. ताट द्यावं," असं म्हणून त्यांनी कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि सकाळच्या भाकरी वाढायला घेतल्या. कामगार खाली मान घालून जेवायला लागले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतरही बऱ्याचदा ऐकलं. चूक कुणाचीही असो, त्या कारण देत नसत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तो कारखाना बंद पडला. एका सोमवारी कामगार आले तर फाटकाला कुलूप. कँटीनची चार महिन्यांची बिलं आतच राहिली आणि कधीच मिळाली नाहीत. मावशींनी ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून धान्य, तेल उधारीवर आणलं होतं त्याचं मात्र देणं उभं राहिलं. तो शेठ वाईट माणूस नव्हता. वर्षभर थांबला, दोनदा स्वतः येऊन गेला, मग कोर्टात गेला. मावशी समन्स घेऊन माझ्याकडे आल्या. मी वाचून दाखवलं, तारीख सांगितली, वकील गाठा म्हणालो.

"वकील कशाला? देणं तर हाय," त्या म्हणाल्या. "नाय म्हनायला कोर्टात जायचं का?"

त्या गेल्याच नाहीत. एकही तारीख नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला, वर व्याज आणि खर्च. तेव्हा त्यांनी अंबडमध्येच एका पत्र्याच्या शेडमध्ये छोटी खाणावळ सुरू केली होती. अकरांपैकी चारच बायका कामावर होत्या, बाकीच्या गावाकडे परतल्या होत्या. पण सगळ्यांचे पैसे खात्यातच होते. गरज लागली की बाई यायची, मावशी तिला घेऊन बँकेत यायच्या, नाव घेऊन पैसे काढायच्या.

आता ज्या दिवसाविषयी सांगायचं आहे त्या दिवशी मी खिडकीवर होतो. रोखीचा व्यवहार दोन वाजेपर्यंत चाले. मी पेटी बंद करून शिक्के आवरत असताना मावशी धापा टाकत आल्या. बरोबर भिमाबाई. तिचा नवरा पोटाच्या दुखण्यानं एका खासगी दवाखान्याच्या दारात पडला होता आणि पैसे भरल्याशिवाय त्याला आत घ्यायला कुणी तयार नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"उद्या दहाला या मावशी," मी म्हणालो. "पहिला नंबर तुमचा."

पेटी उघडता आली असती. शाखेच्या साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. माझा डबा उघडून ठेवलेला होता, एवढंच. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं, भिमाबाईचा हात धरला आणि त्या गेल्या.

चार वाजता कोर्टाचा बेलिफ आला. यमुनाबाई देवरे यांच्या नावावरची सगळी खाती हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी गोठवावीत, पुढील आदेशापर्यंत कुणालाही रक्कम देऊ नये, असा आदेश होता. साहेबांनी कागद माझ्यापुढे ठेवला. खातेवहीच्या त्या दोन पानांवर लाल शाईनं नोंद केली ती मीच. कँटीनच्या खात्यात काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं बायकांचं.

सकाळी दहाला मावशी दारातच उभ्या होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. "शेठचं देणं मी देईन की. ह्यात त्याचं काय?" मग साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, खातं तुमच्या नावावर आहे. बँकेला तेवढंच दिसतं." त्या बागलाणातल्या बोलीवर आल्या, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "ते पैसा मना नही शेत, साहेब! मना नही शेत!" टेबलावर हात आपटून, पैसे माझे नाहीत, हेच त्या म्हणत राहिल्या. शिपायानं त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मावशींनी उसने-पासने जमवून त्याच दिवशी भिमाबाईच्या नवऱ्याला दाखल केलं. उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी आणला असता तर वाचला असता का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवव्या दिवशी तो गेला. भिमाबाई हरसूलला निघून गेली ती पुन्हा नाशकात आली नाही.

माझ्या ओळखीचे पुराणिक वकील जुन्या आग्रा रोडवरच्या कोर्टात बसायचे. म्हातारे, दमेकरी, फीचं नंतर बघू म्हणणारे. मी मावशींना त्यांच्याकडे नेलं. बायकांनी स्वतः कोर्टात हरकत घ्यावी हा सरळ मार्ग होता. पण आवणीचे, भात लावायचे दिवस होते, कामावरच्या चौघींसकट सगळ्या डोंगरात शेतावर गेलेल्या, एकेकीला शोधून आणायचं तर मुदत उलटली असती. वकिलांनी कागद चाळले आणि दुसरा मार्ग सांगितला.

"बाई, बँकेनं ही रक्कम कोर्टात भरली आणि शेठनं उचलली की संपलं. त्याच्या आत आपण नादारीचा अर्ज द्यायचा. म्हणजे तुमचं दिवाळं निघालं असं कोर्टानं जाहीर करायचं. मग एकट्या शेठला पैसे उचलता येत नाहीत. सगळं कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जातं आणि सगळ्या घेणेकऱ्यांना आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटे पडतात. आणि हे पैसे मुळात तुमचे नाहीत, तुम्ही नुसते सांभाळत होतात, हे पटवता आलं तर ते वाट्यातही जाणार नाहीत. ज्याचे त्याला मिळतील."

"दिवाळं माझं?" मावशी म्हणाल्या.

"तुमचं."

"पेपरात येतं ते?"

"येतं. जाहीर नोटीस द्यावी लागते."

कामावरच्या चौघींची मागच्या दोन महिन्यांची मजुरीही त्यांच्याकडून थकली होती. ती तरी आधी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. वकिलांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. कामगारांच्या मजुरीला पहिला हक्क होता, पण माणशी वीस रुपयांपर्यंतच. कायदा एकोणीसशे वीस सालचा, आकडा तेव्हाचा, कुणी बदललेला नाही.

"इस रुपये?" मावशींनी विचारलं. "एका बाईला?"

"हो."

"लिहा अर्ज," त्या म्हणाल्या.

अर्ज दाखल झाला. बँकेकडून रक्कम कोर्टात जायच्या आधी चारच दिवस. वर्तमानपत्रात नोटीस आली तेव्हा सटाण्याहून त्यांचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी त्या वेळी खाणावळीतच होतो. तो आधी ओरडला. आपल्या घराण्यात आजवर कुणाचं दिवाळं निघालं नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं बरंच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जे झालं ते झालं. मोठी पातेली, कढया, दळायचं मशीन टेम्पोत टाक. रिसीव्हर यायच्या आत घेऊन जातो. पुढं पुन्हा उभी ऱ्हाशील."

मावशी कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कोर्टाला लिहून दिलंय, जे हाय ते समदं दाखवीन. एक पातेलं लपलं तर बायकांचे पैसे माझे नायत हे तरी कोन खरं मानंल?"

भाऊ रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. पुढची कित्येक वर्षं तो बोलला नाही. दोन दिवसांनी रिसीव्हर आला. तरुण वकील होता, ओशाळलेला. त्यानं मोठी भांडी लिहून यादी बंद केली तर मावशींनी त्याला थांबवलं. "ह्यो झारा ऱ्हायला. दोन पोळपाट हायेत, तेबी लिहा." तो म्हणाला, "मावशी, घरच्या स्वयंपाकाची भांडी घेता येत नाहीत आम्हाला." "घरची चूल वेगळी हाय. हे धंद्याचं हाय," असं म्हणून त्यांनी झारा त्याच्या हातात दिला. शेडमधली शेवटची कढई रिसीव्हरच्या टेम्पोत चढली तेव्हा त्या मात्र बाहेर येऊन उभ्या राहिल्या नाहीत. आत, रिकाम्या चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

कोर्टात तीन वर्षं गेली. तारखा पडत, न्यायाधीश बदलत, पुराणिकांचा दमा वाढत होता. बायकांपैकी ज्या सापडल्या त्यांचे अंगठे घेऊन दावे दाखल झाले. बँकेला साक्षीला बोलावलं तेव्हा आमच्या साहेबांना ते आवडलं नाही, पण समन्सला नकार देता येत नाही. जुन्या पावत्यांचे गठ्ठे मी रेकॉर्ड रूममधून धुळीत बसून शोधले होते. दर महिन्याची पावती, मागच्या बाजूला माझ्याच अक्षरातली नावं आणि रकमा. पावतीच्या मागं असं लिहायचा बँकेचा नियम आहे का, असं शेठच्या वकिलानं मला विचारलं. नाही, मी म्हणालो. मग का लिहिलंत? त्यांनी लिहायला लावलं म्हणून, मी म्हणालो.

नंतर मावशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शेठचा वकील हुशार होता. "तुमचं म्हणणं असं, की एका बाईचा नवरा मरणाच्या दारात होता आणि तिचे पैसे तुमच्याकडे होते. खातं गोठलं त्या दिवशी दुपारपर्यंत तुम्हाला पैसे काढायला कुणी अडवलं नव्हतं. मग काढले का नाहीत? कारण ते पैसे तिचे नव्हतेच, तुमचे होते. बरोबर?"

मी मागच्या बाकावर बसलो होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"का झाला?"

"झाला."

तेवढ्यावर ते थांबलं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. बचत खात्यातली रक्कम यमुनाबाईंची नसून नावानिशी लिहिलेल्या बायकांची आहे, ती घेणेकऱ्यांत वाटता येणार नाही, असा आदेश झाला. गोठलेले पैसे सुटले. अकरांपैकी दोघी हयात नव्हत्या, एकीचा पत्ताच लागला नाही. मजुरीपोटी त्या चौघींना प्रत्येकी वीस रुपये आणि वर थोडी चिल्लर मिळाली. शेठला भांड्यांच्या लिलावातून रुपयामागे काही पैसे आले. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो मावशींपाशी थांबला. "बाई, आधीच येऊन भेटला असतात तर एवढं झालं नसतं."

"भेटले असते तर तुम्ही देणं सोडलं असतं का?"

शेठनं विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"मग झालं," मावशी म्हणाल्या आणि पदर सावरून पायऱ्या उतरल्या.

भिमाबाई पैसे न्यायला आली नाही. तिला दोनदा निरोप धाडला. शेवटी पुराणिकांनी रक्कम पोचवायची जबाबदारी घेतली आणि मला नि मावशींना हरसूलला पाठवलं. बाजाराचा दिवस होता. बसमधून उतरलो तेव्हा मावशी चालायला तयार नव्हत्या, थांब्यावरच रेंगाळत राहिल्या. मग एकदम चालू लागल्या. भिमाबाई बाजाराच्या टोकाला नागलीचं, म्हणजे नाचणीचं, छोटं पोतं पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं आम्हाला लांबूनच पाहिलं होतं, पण उठली नाही. मावशी तिच्यासमोर मातीत बसल्या आणि पाकीट पुढं धरलं. भिमाबाईनं ते घेतलं. उघडून पाहिलं नाही. अंगठा उठवला तो कागदाकडे न बघता.

"तवा पायजे व्हतं, मावशी," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. कोर्टाचं, कायद्याचं, किती खटपट करावी लागली त्याचं काहीतरी सांगणार होतो. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. एक गिऱ्हाईक आलं. भिमाबाईनं त्याला दोन मापं नागली मोजून दिली. आम्ही बसूनच होतो. थोड्या वेळानं ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "बस जाईल तुमची."

परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत मावशी खिडकीला डोकं टेकून होत्या. मला राहवलं नाही. "मावशी, त्या दिवशी दोन वाजून पाचच मिनिटं झाली होती. मी पेटी उघडू शकलो असतो."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "घड्याळ मीबी पाह्यलं व्हतं."

"कोर्टात तुम्ही माझं नाव—"

"आता बोलू नका, भाऊ. बोललं की तुमाला बरं वाटंल. मला नाय वाटनार."

त्या घटनेला इतकी वर्षं झाली, तरी या उत्तराची धार माझ्यासाठी कमी झालेली नाही. त्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्याच माझ्याशी बोलल्या. पण माफीही नव्हती, आणि ती असल्याचं नाटक त्यांनी केलं नाही.

खाणावळ पुन्हा उभी राहिली नाही. नादार जाहीर झालेल्या बाईला कुणी उधारीवर गहू देईना, कारखाने कँटीन देईनात. त्या पंचवटीत भाजीबाजारामागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिल्या आणि यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत स्वयंपाकाला लागल्या. ज्या बाईनं अकरा जणींना पगार दिला ती आता दुसऱ्याच्या मुकादमाला विचारून मीठ घेत होती. याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. मी रविवारी कधीमधी जायचो. बरोबर नेलेली फळं त्या धर्मशाळेच्या झाडूवाल्याला देऊन टाकायच्या.

आणखी दोन वर्षांनी नादारीतून मुक्ततेचा हुकूम झाला. पुराणिक तोवर गेले होते. त्यांच्या मुलानं कागद माझ्याकडे दिला आणि मी तो पंचवटीत नेला. मावशी वांगी चिरत होत्या. मी हुकूम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"म्हंजे आता मी कुनाचं काय लागत नाय?"

"कायद्यानं नाही."

"शेठचंबी नाय?"

"नाही."

"आन् भिमीचं?"

"तिचे तर आपण पोचवले, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर बघतात तसं. मग विळीवरचा हात पुसून कागदाची घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिली. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला वाचता येत नाय, आन् दाखवा म्हननारं कोन नाय." साठ माणसांच्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ होत आली होती. त्या पुन्हा वांगी चिरायला लागल्या.

पुढच्याच वर्षी माझी बदली नाशिकबाहेर झाली. एका सुट्टीत धर्मशाळेत गेलो तर चुलीपुढे दुसराच माणूस होता. यमुनाबाई महिन्यापूर्वी गेल्या, तो म्हणाला. सकाळचा भात उतरवला, डोकं गरगरतंय म्हणून पोत्यावर आडव्या झाल्या, तिथेच. भावाला कळवलं होतं, तो दहाव्याला येऊन गेला.

"बाई कामाला लय चोख," तो आचारी म्हणाला. "आधी काय करायच्या हो त्या?"

"अंबडला त्यांचं स्वतःचं कँटीन होतं," मी सांगितलं. "अकरा बायका कामाला होत्या."

"आसं? मग बंद कशापायी केलं?"

मी सांगायला सुरुवात केली. बाहेर पंगत बसत होती. वाढप्यानं त्याला हाक मारली, आणि भाताचं पातेलं उचलून तो निघून गेला.